पहिले पाणी : साबुदाणा, कडूकंद आणि लाखोळी यांचा इतिहास (धागा)

१/ उपवासाच्या ताटातील साबुदाण्याचा शुभ्र दाणा ज्या मुळापासून तयार होतो, ते मूळ कच्चे खाल्ले तर मनुष्य दगावू शकतो. या मुळाचे नाव कसावा. मग आपण एकादशीला निर्धास्तपणे खिचडी खातो ती कशी? कारण कोणीतरी, कोठेतरी, आपल्या आधी त्यातील विष धुऊन काढलेले असते. आजचा धागा या धुण्याच्या इतिहासावर. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यात सुरू होतो आणि माझ्या गावी, चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूरला येऊन थांबतो.

२/ प्रथम नावाविषयी. ‘साबुदाणा’ या शब्दातील ‘साबु’ हे मलय भाषेतील ‘सागु’चे रूप. सागु हा आग्नेय आशियातील एक ताडवर्गीय वृक्ष. त्याच्या खोडातील पिठापासून मूळचा साबुदाणा होत असे आणि तो समुद्रमार्गे आपल्याकडे येई. आज भारतात विकला जाणारा साबुदाणा मात्र कसाव्याच्या मुळातील पिठाचा असतो. म्हणजे नाव आशियातील एका झाडाचे आणि वस्तू अमेरिकेतील एका मुळाची. इतिहासात असे पुष्कळदा घडते. वस्तू बदलते, नाव तेच राहते.

३/ कसावा हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. ॲमेझॉन खोऱ्याच्या नैर्ऋत्य भागात हजारो वर्षांपूर्वी तेथील लोकांनी एका रानटी वनस्पतीपासून ते घडवले. ते निकस जमिनीत वाढते, पाऊस कमी झाला तरी तग धरते आणि काढणीची घाई नसते. मुळे महिनोन् महिने जमिनीतच ठेवता येतात. दुष्काळ, युद्ध किंवा करवसुली यांना तोंड देणाऱ्या शेतकऱ्याला याहून विश्वासू पीक मिळणे कठीण. या विश्वासाची एकच अट होती. विष काढता आले पाहिजे.

४/ हे विष कसे काम करते? कसाव्याच्या पेशींत लिनामारिन नावाचे द्रव्य असते आणि त्याच ऊतीत, पण वेगळ्या कप्प्यात, त्याला तोडणारे विकर असते. मूळ चावले, किसले किंवा ठेचले की दोन्ही एकत्र येतात आणि अखेरीस हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. किडी व उंदीर-घुशींपासून बचाव करण्याची ही वनस्पतीची युक्ती. ‘गोड’ वाणांत विषाचे प्रमाण कमी, ‘कडू’ वाणांत कितीतरी अधिक. तरीही अनेक शेतकरी मुद्दाम कडू वाणच लावत आले, कारण त्याला जनावरे तोंड लावत नाहीत.

५/ परंतु या युक्तीतच एक फट आहे. लिनामारिन पाण्यात विरघळते आणि हायड्रोजन सायनाइड सुमारे २६ अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणजे उघड्यावर ते हवेत उडून जाते. ॲमेझॉनच्या स्त्रियांनी ही फट रसायनशास्त्राचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी ओळखली होती. मूळ सोलायचे, किसायचे, ‘तिपिती’ नावाच्या वेताच्या लांब विणलेल्या नळीत भरायचे आणि ती ताणून रस पिळून काढायचा. उरलेला चोथा तव्यावर भाजायचा. पिळलेला विषारी रसही फेकला जात नसे. तो दीर्घकाळ उकळून त्याचे ‘तुकुपी’ नावाचे कालवण होई.

६/ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कसावा आफ्रिकेत नेला. जहाजातून रोपाच्या कांड्या नेणे सोपे होते. किसणे, पिळणे, आंबवणे आणि भाजणे ही सारी पद्धत नेणे तितके सोपे नव्हते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘गारी’ या आंबवून भाजलेल्या कसाव्याचा प्रसार झाला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. ब्राझीलमधील गुलामगिरीतून मुक्त होऊन परतलेल्या लोकांनी ही कृती सोबत आणली आणि त्यानंतर तेथे कसाव्याचा खरा विस्तार झाला. पीक जहाजातून आले, त्याची रीत माणसांच्या हातांतून आली.

७/ भारतात कसावा पोर्तुगीजांमार्फत सतराव्या शतकात केरळच्या किनाऱ्यावर आला असे मानले जाते. त्याला राजाश्रय मिळाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी गोरगरिबांचे अन्न म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. केरळच्या स्वयंपाकघराने या मुळासाठी स्वतःचा नियम घडवला. मूळ सोलून तुकडे करायचे, भरपूर पाण्यात उकळायचे, ते पाणी ओतून द्यायचे आणि मासळीच्या कालवणासोबत खायचे. ही मासळी केवळ चवीसाठी नव्हती. तिचे महत्त्व पुढे येईलच.

८/ आता साबुदाण्याकडे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले. मलायातून येणारा साबुदाणा थांबला आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळही. त्रावणकोरमध्ये तांदळाच्या टंचाईत कसाव्याने अनेक घरे तारली. १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम येथे माणिक्कम चेट्टियार या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. युद्धाने निर्माण केलेली एक तूट अशा रीतीने भरली गेली. आज महाराष्ट्रातील उपवास बहुतांशी सेलमवर अवलंबून असतो.

९/ सेलमची प्रक्रिया लक्षपूर्वक पाहा. मुळे धुतात, सोलतात, यंत्रात किसून लगदा करतात. तो पाण्याने धुऊन दुधासारखे पीठपाणी वेगळे करतात आणि टाक्यांत कित्येक तास निवळू देतात. वरचे पाणी सोडून देतात, तळाशी बसलेल्या ओल्या पिठाचे गोल दाणे वळतात, ते तापवून उन्हात वाळवतात. किसणे, पाणी, वेळ, उष्णता, ऊन ही तिपितीचीच पाच पावले आहेत. फक्त वेताच्या नळीच्या जागी सिमेंटची टाकी आली आहे. म्हणून बाजारातील साबुदाण्याविषयी सायनाइडची भीती बाळगण्याचे कारण नाही.

१०/ सिमेंटवरून गडचांदूर आठवते. कोरपना तालुक्यातील हे गाव आज चुनखडी आणि सिमेंट कारखान्यांसाठी ओळखले जाते. पूर्वी हा राजुरा भाग निजामाच्या राज्यात होता. १९४८ नंतर तो भारतात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. मागे माणिकगडचे डोंगर, वर जिवतीच्या पहाडात गोंड आणि कोलाम वस्त्या. वर्धा नदीच्या पलीकडचा जुना चांदा जिल्हा मात्र इंग्रजांच्या मध्य प्रांतात होता. त्याच्याच पूर्वेकडील जंगलपट्टीतून १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला. येथे कसावा आला तो किराणा दुकानातून, पांढरा, गोल, निर्विष होऊनच. त्याचे विष आम्ही कधी पाहिलेच नाही.

११/ याचा अर्थ विष धुण्याची विद्या येथे नव्हती असा मात्र नव्हे. मध्य भारताच्या या जंगलात पावसाळ्यात वेली चढतात आणि त्यांच्या मुळाशी कंद धरतात. एक कडूकंद, ज्याला कोकणात कडू करांदा म्हणतात. दुसरा त्याहूनही जहाल, ज्याला छत्तीसगडकडे बैचांदी म्हणतात. त्यात डायोस्कोरिन नावाचे अल्कलॉइड असते आणि कच्चा खाल्ल्यास ते मज्जासंस्थेवर आघात करते. या कंदांचा कसाव्याशी वनस्पतीशास्त्रीय संबंध काहीच नाही. त्यांनी माणसापुढे ठेवलेला प्रश्न मात्र तोच आहे.

१२/ आणि उत्तरही जवळजवळ तेच. कंद सोलून पातळ काप करायचे. बांबूच्या टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात दिवसेंदिवस ठेवायचे. कडूपणा जाण्यासाठी राखेच्या पाण्यात उकळायचे, पाणी फेकायचे, पुन्हा उकळायचे. शेवटी एखादा लहान तुकडा जिभेवर ठेवून कडूपणा उरला आहे का ते पाहायचे. ॲमेझॉन आणि इंद्रावती या दोन नदीकाठच्या स्त्रियांची एकमेकींशी कधी गाठ पडली नाही. तरी दोघी एकाच निष्कर्षाला पोहोचल्या. विष पातळ कापांतून बाहेर पडते, पाण्याबरोबर वाहून जाते आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा लागतो.

१३/ वसाहतकाळात या ज्ञानाची नोंद प्रामुख्याने ‘दुष्काळी अन्न’ या सदराखाली झाली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलावरील लोकांचे हक्क आकसले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांनी मात्र संकटकाळी तेच जंगल कंदमुळे आणि मोहफुले गोळा करण्यासाठी उघडण्याची तरतूद ठेवली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांताने हे पाहिले. एरवी ज्यासाठी दंड व्हावा, तेच दुष्काळात दानासारखे दिले गेले. ज्या लोकांना कंद कसा शिजवावा हे ठाऊक होते, त्यांना दप्तरात ‘काहीही खाणारे’ ठरवले गेले.

१४/ येथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. रीत ठाऊक होती तर अन्नातील विषाने माणसे पंगू का झाली? याचे उत्तर आपल्याच धानपट्टीतील एका पिकात आहे. ते म्हणजे लाख किंवा लाखोळी. कापणीपूर्वी उभ्या धानात, चिखलातील ओलीवर बी फेकून देतात. नांगरणी नाही, सिंचन नाही, तरी डाळ मिळते. कोवळ्या पानांची भाजी, डाळीचे वडे हे पूर्व विदर्भातील ओळखीचे पदार्थ. पण लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचे मज्जासंस्थेला घातक द्रव्य असते. भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९६४ मध्ये ओळखले.

१५/ रोग मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात सागर भागातील हकिकत दिली आहे. लागोपाठ काही वर्षे गारपीट आणि रोगाने गहू बुडाला. शेतात तगली ती फक्त ही डाळ. लोक तिच्यावरच जगले आणि तरुण माणसांचे कमरेखालचे अवयव लुळे पडू लागले. पुढे १८९६ ते १९०२ या काळात मध्य प्रांतात पुन्हा हेच घडले. त्यावरील अँड्र्यू ब्युकॅनन यांचा अहवाल १९०४ मध्ये नागपुरात छापला गेला. या रोगाचे नाव लॅथिरिझम.

१६/ काळ नीट पाहा. स्लीमन यांची हकिकत पीक बुडाल्यानंतरची, ब्युकॅनन यांचा अहवाल दोन महादुष्काळांचा. लाखोळी तर त्याआधीही पिकत होती आणि खाल्ली जात होती. ज्या वर्षी तिच्यासोबत तांदूळ, इतर डाळी, भाजी आणि दूध असे, त्या वर्षी ती निभावून जाई. ज्या वर्षी तीच भाकरी, तीच डाळ आणि तीच मजुरी झाली आणि असे कित्येक महिने चालले, त्या वर्षी पाय गेले. विष दरवर्षी होते. त्याला आवर घालणारे बाकीचे ताट काही वर्षी रिकामे होते.

१७/ आता पुन्हा कसाव्याकडे जाऊ, या वेळी आफ्रिकेत. १९३८ मध्ये जिओव्हान्नी ट्रोली या इटालियन डॉक्टरने बेल्जियन काँगोतील एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. स्थानिक याका भाषेत त्याला ‘कोंझो’ म्हणत, म्हणजे बांधलेले पाय. धडधाकट माणसाचे दोन्ही पाय अचानक ताठरतात आणि पुन्हा कधीही पूर्ववत होत नाहीत. बुद्धी शाबूत राहते, आयुष्य उरते, चाल जाते. लॅथिरिझमचे रुग्ण पाहिलेल्या कोणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. या रोगाचा संबंध होता अपुरी प्रक्रिया केलेल्या कडू कसाव्याशी.

१८/ सर्वांत मोठा पुरावा १९८१ चा. मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळ पडला. इतर पिके गेली, कडू कसावा उरला. एरवी तेथील स्त्रिया तो सोलून आठवडेच्या आठवडे उन्हात वाळवत असत. पण घरात मुले उपाशी असताना आठवडे थांबणार कोण? मुळे पुरती न वाळवता खाल्ली गेली आणि कोंझोच्या १,१०२ रुग्णांची नोंद झाली. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक होती. त्या स्त्रिया रीत विसरल्या नव्हत्या. त्यांच्याकडून रीतीला लागणारा वेळ हिरावला गेला होता.

१९/ येथे केरळच्या मासळीचा उलगडा होतो. आपले शरीर थोडे सायनाइड स्वतः निष्प्रभ करू शकते, पण त्यासाठी त्याला गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. ती मासे, अंडी, दूध, मांस आणि कमी-अधिक प्रमाणात धान्य-डाळी यांतून मिळतात. नाम्पुलात दुष्काळाने एकाच वेळी दोन्ही बाजूंनी घाला घातला. ताटात विष वाढवले आणि शरीरातील उतारा घटवला. कसावा उकळून त्याचे पाणी ओतणारे आणि सोबत मासळी खाणारे केरळी घर नकळत दोन्ही बाजू सांभाळत होते.

२०/ शासनाने काय केले? १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनुसार लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. पूर्व विदर्भात ती पिकतच राहिली, कारण धानानंतर उरलेल्या ओलीवर विनाखर्च येणारे दुसरे पीक शेतकऱ्याकडे नव्हते. महाराष्ट्राने २००८ मध्ये ही बंदी उठवली. आता कमी ओडॅप असलेले वाणही विकसित झाले आहेत. या बंदीवर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला इतकेच दिसते की बंदी दाण्यावर घालता येते, एकाच दाण्यावर जगायला लावणाऱ्या दारिद्र्यावर ती घालता येत नाही.

२१/ थोडे पोषणाविषयी. १०० ग्रॅम ताज्या कसाव्यात सुमारे १६० कॅलरी, ३८ ग्रॅम कर्बोदके, साधारण २० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि प्रथिने अवघी १.४ ग्रॅम. साबुदाण्यात तर १०० ग्रॅमला सुमारे ३५८ कॅलरी आणि प्रथिने केवळ ०.२ ग्रॅम. ज्या धुण्याने विष जाते, त्याच धुण्याने बाकीचेही बरेच जाते. म्हणून खिचडीतला दाण्याचा कूट आणि सोबतचे दही यांना महत्त्व आहे. जाता जाता एक गंमत : या खिचडीतील शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हेही मूळचे अमेरिकेतलेच.

२२/ कोणी केरळ किंवा कोकणातून ताजा कसावा आणलाच, तर : (अ) कच्चा कधीही खाऊ नये. (आ) वरची तपकिरी साल आणि तिच्याखालचा जाड पांढरा थर दोन्ही काढावेत, विष तेथे अधिक असते. (इ) लहान तुकडे करून भिजवावे. (ई) गार, भरपूर पाण्यात घालून झाकण न ठेवता मऊ होईपर्यंत उकळावे. एकदम उकळत्या पाण्यात टाकल्यास विषाला तोडणारे विकर आधीच नष्ट होते आणि लिनामारिन गरात राहू शकते. (उ) ते पाणी फेकून द्यावे, आमटीत वापरू नये. (ऊ) चव कडू लागली तर सरळ टाकून द्यावा. कडू वाणांना नुसते उकळणे पुरत नाही.

२३/ रानातील कंदांच्या बाबतीत मात्र हा धागा वाचून प्रयोग करू नका. कोणता कंद, कोणत्या महिन्यात, किती दिवस ओढ्यात ठेवायचा, हे ज्ञान लेखात मावत नाही. ते ज्यांच्या हातांत आहे त्यांच्याजवळ बसूनच शिकावे लागते. आणि ती पिढी आता वृद्ध होत आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दप्तरखान्यात जायला शिकवतात. भामरागडच्या किंवा जिवतीच्या एखाद्या अंगणात तितक्याच आदराने बसणे हाही आपल्या अभ्यासाचा भाग असला पाहिजे.

२४/ माझी आजी लाखोळीची डाळ शिजत घातली की आईला न चुकता सांगायची, “पयलं पानी फेकून दे वं.” का, असे विचारले तर म्हणायची, “फेकाचं असते.” पुढे अभ्यासात स्लीमन, ब्युकॅनन आणि ट्रोली भेटले तेव्हा कळले की त्या शब्दांमागे काय होते. त्या आज्ञेमागे कोणीतरी पाय गमावले होते, कोणीतरी ते पाहिले होते आणि कोणीतरी पुढच्या सुनेला सांगितले होते. मात्र पहिले पाणी फेकता येण्यासाठी दुसरे पाणी, सरपण आणि थांबण्याइतका धीर घरात असावा लागतो. दुष्काळ प्रथम तोच हिरावतो.

२५/ म्हणून पुढच्या वेळी एखाद्या जुन्या अहवालात ‘अज्ञानामुळे लोकांनी विषारी मुळे खाल्ली’ असे वाक्य आढळले, तर तेथे क्षणभर थांबा आणि विचारा : त्या वर्षी धान्याचा भाव काय होता? जंगल खुले होते की बंद? मजुरी कशात दिली जात होती? बहुतेक वेळा अज्ञान स्वयंपाकघरात सापडत नाही. आणि आपल्या घरीही डाळीचे, कंदाचे, पानांचे असे ‘पहिले पाणी’ असेल तर ते कसे आणि का फेकतात हे खाली अवश्य लिहा. त्यातून पुढचा धागा नक्कीच होईल.